लढाईत हरवलेल्या बाँबर वैमानिकाचा माग कसा काढावा: गोव्यातल्या घरांसाठी

जुन्या ट्रंकेत गणवेशातल्या एका पोरसवदा मुलाचा फोटो सापडतो आणि घरात कुणालाच धड काही सांगता येत नाही, "तो दुसऱ्या महायुद्धात विमानासकट गेला" एवढेच. यावरूनही त्याच्या शेवटच्या उड्डाणापर्यंत पोचता येते. सुरुवात फोटोपासूनच करा.

भिंग घेऊन डाव्या खिशावरचे चिन्ह पाहा. दोन पंख असतील तर तो पायलट. एकच पंख असेल तर त्याच्या मुळाशी वर्तुळात अक्षर असते: 'एन' म्हणजे नॅव्हिगेटर (मार्ग दाखवणारा), 'बी' म्हणजे बॉम्ब एमर (नेम धरून बाँब टाकणारा), 'एजी' म्हणजे गनर, 'ई' म्हणजे फ्लाइट इंजिनियर. 'ओ' दिसला तर ऑब्झर्व्हर, म्हणजे तो बहुधा युद्धाच्या पहिल्या वर्षांत तयार झालेला.

आता नाव. बहुतेक शोध इथेच अडतात. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे इथली मुले मुंबई, कराची किंवा आफ्रिकेतून भरती व्हायची. भरतीच्या कागदावर नाव कोणत्या वळणाने उतरले असेल याचा नेम नाही. कामत 'कामोतिं' होतो, प्रभू 'पोरोबो', शेणवी 'सिनाय'. रोमन लिपीत 'के'च्या जागी 'सी' किंवा 'क्यू' येतो. डिसोझा तर जोडून, तोडून, 'एस'ने, 'झेड'ने अशा चार-पाच तऱ्हांनी सापडेल. आधी जन्मनोंदणीचा दाखला किंवा चर्चची बाप्तिस्म्याची नोंद काढा. जुनी चर्च-पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्यातही मिळतात. आई-वडिलांची नावे तिथल्याच स्पेलिंगने उतरवून घ्या. पत्ता गावचाच असेल असे धरून चालू नका, तो मुंबईतल्या गावच्या कुडीचाही, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडाचाही, असू शकतो.

मग युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोध घ्या. नावाची सगळी रूपे घालून पाहा. पालकांची नावे जुळली की सर्व्हिस नंबर टिपून घ्या, पुढची किल्ली तीच. मात्र सार्जंटचा अधिकारी झाला की नंबर बदलत असे, त्यामुळे एकाच माणसाचे दोन नंबर निघाले तर गोंधळू नका.

मृतदेह मिळाला नसेल तर कबरीऐवजी स्मारकाचे नाव दिसेल. इंग्लंडमधले रनीमीड असेल तर तो ब्रिटन किंवा पश्चिम युरोपातल्या तळावरून उडाला होता. सिंगापूर मेमोरियल असेल तर आशियात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इंडियन एअर फोर्सच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रन (तुकड्या) 'व्हेन्जन्स' ही दोन माणसांची बाँबफेकी विमाने उडवत, हेही ध्यानात असू द्या.

ब्रिटनमधल्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) बाँबफेकी शाखेत, तो असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची सूची उघडा. सुमारे 1,25,000 विमानसैनिकांपैकी 55,573 गेले. नावासोबत विमानाचा क्रमांक आणि सोबत्यांची नावे मिळतात. लँकेस्टर या बाँबफेकी विमानात सात जण असत. सातही नावे शोधाच, कारण आपल्या घरी नसलेले पत्र दुसऱ्याच्या घरी जपलेले असू शकते.

स्क्वाड्रन आणि तारीख हाती आली की लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली 'एअर 27' ही स्क्वाड्रनच्या नोंदवह्यांची मालिका पाहा. तिथे फॉर्म 540 मध्ये दिवसवार हकीकत आणि फॉर्म 541 मध्ये एकेका विमानाची नोंद असते. विमान, चमूची नावे, उड्डाणाची वेळ. आणि उतरल्याची वेळ लिहायची तो रकाना कोरा. ही ओळ घरच्यांना दाखवताना सांभाळून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ लगेच कळतो.

ओळ सापडलीच नाही तर एक दिवस मागे जा. विमाने संध्याकाळी उडत आणि मध्यरात्रीनंतर पडत, म्हणून मृत्यूची तारीख पुढची असते. तरीही नाही मिळाली तर तो प्रशिक्षणात गेला असावा. असे बॉम्बर कमांडचेच 8,000 हून अधिक होते, आणि त्यांचे मरण लढाईतल्या मरणापेक्षा कमी मानायचे काहीच कारण नाही. त्यांच्यासाठी लंडनच्या आरएएफ म्युझियमकडे अपघाताचे कार्ड, म्हणजे फॉर्म 1180, मागा.

घरात एअर मिनिस्ट्रीचे, म्हणजे ब्रिटनच्या हवाई खात्याचे, पत्र असेल तर त्यावरचा 'पी 4' असलेला संदर्भ क्रमांक नीट उतरवा. तो त्याच्या फाइलचा. या फाइली 'एअर 81' मालिकेत टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. पहिली तार 'बेपत्ता' असे सांगते, मृत गृहीत धरल्याचे पत्र साधारण सहा महिन्यांनी येते. या पत्राची तारीख मृत्यूची समजू नका.

शेवटी कमिशनच्या नोंदीत आई-वडिलांची नावे किंवा गाव चुकले असेल, तर जन्मदाखल्याची प्रत आणि पोर्तुगीज मजकुराचे इंग्रजी भाषांतर जोडून दुरुस्तीचा अर्ज पाठवा.