शेजारचा दात काढण्याआधी दुखण्याचा नकाशा काढा

अक्कलदाढ काढून किंवा गालाला मार लागून 3 महिने उलटले, जखम भरली, एक्स-रेत काही दिसत नाही, तरी जबडा जळतो आणि हनुवटीला झिणझिण्या येतात. अशा वेळी संशय शेजारच्या दातावर जातो. तोही काढला जातो, दुखणं मात्र हलत नाही, कारण ते दातात उरलेलंच नसतं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेला इजा झाली की तिच्या पेशी आणि पुढे ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, पेशी वेगळ्या वागू लागतात. निदान डॉक्टरच करतील. पण कुठल्या पेशी बिघडल्या असाव्यात याचा अंदाज घरच्या तपासणीतून येतो.

कापसाचा पिंजलेला धागा, टूथपिक, थंड पाण्यात 5 मिनिटं ठेवलेला स्टीलचा चमचा, आयलायनर पेन्सिल आणि आरसा एवढं पुरे. आधी चांगली बाजू तपासा, म्हणजे तुलना करता येईल. दुखऱ्या बाजूला निरोगी कातडीपासून सुरू करून अर्धा-अर्धा सेंटीमीटर आत सरका आणि स्पर्श बदलला की ठिपका द्या. आतून बाहेर येऊ नका. चाळवलेल्या पेशी स्पर्श थांबल्यावरही काही वेळ बोलत राहतात आणि हद्द उगाच मोठी दिसते. टूथपिक दाबायची नाही, नुसती टेकवायची. चमचा हातात धरून कोमट झाला की पुन्हा बुडवा.

ठिपक्यांनी खालचा ओठ आणि हनुवटी भरली, तर संशय खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेवर. खालची पापणी, नाकाची बाजू आणि वरचा ओठ असेल, तर डोळ्याखालून बाहेर पडणाऱ्या नसेवर. जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी मात्र मानेतून येणाऱ्या नसेची. तिथलं दुखणं या हिशेबात धरू नका.

बधिर जागाच दुखते, हे अनेकांना पटत नाही. पण नसेचे तंतू तुटले म्हणून बाहेरचा स्पर्श कळत नाही, आणि तुटक्या टोकाशी सोडियम चॅनल, म्हणजे विद्युत संदेश सुरू करणारी दारं, गोळा झाल्यानं ते टोक आपोआप संदेश सोडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

कापूस टेकल्यावर कळ आली, तर गोष्ट ब्रेनस्टेमपर्यंत गेली असावी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेला क्रम असा: चेतापेशींच्या शेजारच्या मायक्रोग्लिया पेशी जाग्या होऊन बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्यामुळे चेतापेशीतला क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी-2 पंप कमी होतो, आत क्लोराइड साठला की गाबा या संदेश शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक नीट लागत नाही. मग साधा स्पर्शही वेदनेच्या वाटेनं वर जातो.

आता टूथपिक एकदा टेकवून 0 ते 10 मध्ये गुण द्या. मिनिटभर थांबा, मग सेकंदाला एक अशा 10 वेळा टेकवून पुन्हा द्या. निरोगी बाजूलाही गुण थोडे वाढतातच. दुखऱ्या बाजूची उडी बरीच मोठी असेल, तर एनएमडीए रिसेप्टर या चेतापेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनामुळे पेशी प्रत्येक संदेशाला आधीपेक्षा जास्त जोरात उत्तर देत असाव्यात. ही चाचणी दिवसातून एकदाच.

औषधाची निवड मुख्यतः दुखणं कशा प्रकारचं आहे यावरून डॉक्टर ठरवतात. दात घासताना, बोलताना क्षणभर विजेसारखी कळ येत असेल, तर सोडियम चॅनल आवरणारं कार्बामाझेपिन. सतत जळजळ असेल, तर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन यांसारखी. कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी आशियाई वंशाच्या रुग्णांनी एचएलए-बी 1502 या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारावं, कारण ते असल्यास या औषधानं त्वचेवर गंभीर रिअॅक्शन येण्याचा धोका वाढतो. अंगावर पुरळ दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

दाताचं इम्प्लांट बसवल्यानंतर भूल उतरायची वेळ टळूनही ओठ बधिर असेल, तर नकाशा काढत बसू नका, लगेच फोन करा: इम्प्लांट नसेवर आलं असेल, तर ते पहिल्या 24 ते 30 तासांत काढणं श्रेयस्कर असतं. काहीही इजा नसताना बधिरपणा पसरत असेल, तर एमआरआयबद्दल विचारा. बाकीच्यांनी दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच उजेडात ठिपक्यांचा फोटो घ्यावा आणि 4 फोटो जमले की तारखा लिहून तपासणीला न्यावेत.