परावटू ग्रंथीची गाठ : तपासण्यांचा क्रम आणि उपचारांची निवड

वारंवार होणारे मूतखडे, किरकोळ पडण्याने मोडलेले हाड किंवा कारण न सापडलेला स्वादुपिंडाचा दाह यांच्या मुळाशी कधीकधी गळ्यातील एक लहानशी गाठ असते. अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या, सहसा चार परावटू ग्रंथी असतात आणि त्यांचे पीटीएच हे संप्रेरक रक्तातील कॅल्शियमची पातळी राखते. एखादी ग्रंथी हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवू लागली की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. शंभरातील ऐंशीच्या आसपास रुग्णांत याला एकच साधी गाठ कारणीभूत असते, बाकीच्या बहुतेकांत एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात, आणि कर्करोग क्वचितच आढळतो.

स्कॅनची घाई करू नये, कारण या आजाराचे निदान रक्ततपासणीने होते. कॅल्शियम, अल्ब्युमिन (कॅल्शियम वाहून नेणारे रक्तातील प्रथिन) आणि पीटीएच एकाच वेळच्या नमुन्यात तपासावे. अल्ब्युमिन कमी असल्यास दर डेसिलिटरला ४ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिलिग्रॅम मिळवतात. कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएचही वाढलेले असेल तर अर्थ स्पष्ट असतो; परंतु कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच ‘नॉर्मल’ मर्यादेत दिसत असेल, तर तो अहवाल मुळीच नॉर्मल नसतो, कारण निरोगी ग्रंथीने अशा वेळी स्राव जवळजवळ थांबवायला हवा होता. ही गोष्ट नजरेतून सुटल्यामुळे निदान वर्षानुवर्षे लांबू शकते.

याच टप्प्यावर ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे आणि २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियम मोजावे. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आढळते की तिच्यामुळे रक्तातील कॅल्शियमची वाढ झाकली जाऊ शकते. लघवीतील कॅल्शियम फारच कमी असेल तर तो एक निरुपद्रवी आनुवंशिक प्रकार असू शकतो आणि त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. लिथियम (मानसिक आजारावरचे औषध) किंवा थायझाइड गटातील (रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. केसांसाठी घेतले जाणारे जास्त मात्रेचे बायोटिनही सांगावे, कारण चाचणीच्या काही पद्धतींमध्ये त्यामुळे पीटीएच खोटेच कमी दिसते.

शस्त्रक्रिया करायचे ठरले की मगच गाठ नेमकी कुठे आहे हे शोधायचे. सुरुवात बहुधा गळ्याच्या सोनोग्राफीने होते. अनुभवी हातांत ही तपासणी उत्तम काम देते आणि थायरॉइडच्या गाठीही तिच्यात दिसतात, पण श्वासनलिकेच्या मागचा आणि छातीतला भाग तिच्या आवाक्यात येत नाही. तिच्या जोडीला सेस्टामिबी स्कॅन करतात. शिरेतून टेक्नेशियमयुक्त औषध दिल्यावर पहिली चित्रे काही मिनिटांत आणि नंतरची साधारण दोन तासांनी घेतली जातात. तोपर्यंत थायरॉइडमधले औषध बरेचसे ओसरते, मात्र परावटूच्या गाठीत ते टिकून राहते. त्यासोबत स्पेक्ट-सीटी, म्हणजे त्याच औषधाची त्रिमितीय चित्रे सीटीशी जोडून पाहण्याची तपासणी, केल्यास गाठीची खोलीही कळते. लहान गाठी आणि एकाहून अधिक वाढलेल्या ग्रंथी या स्कॅनमध्ये सुटण्याची शक्यता असते.

पहिल्या दोन तपासण्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत, किंवा आधीची शस्त्रक्रिया फसलेली असेल, तर फ्लुरोकोलीन पेट-सीटी (किरणोत्सारी कोलीन टोचून केलेला स्कॅन) किंवा फोर-डी सीटी (ठरावीक अंतराने घेतलेल्या सीटी चित्रांची मालिका) करतात. पेट-सीटी लहान गाठी अधिक खात्रीने दाखवते. फोर-डी सीटीत कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारे औषध) शिरेतून द्यावा लागतो, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असल्यास सावधगिरी हवी. गाठीत सुई घालून नमुना घेणे शक्यतो टाळावे, कारण त्यामुळे आसपास चिकटपणा येऊन पुढची शस्त्रक्रिया अवघड होते आणि पेशी पसरण्याचा धोकाही राहतो.

स्कॅनमध्ये काहीच दिसले नाही म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नये. रक्ततपासणीवरून निदान पक्के असेल तर अनुभवी शल्यचिकित्सक चारही ग्रंथी प्रत्यक्ष पाहून निर्णय घेतात. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजी कप्तानाच्या गळ्यात गाठ शोधण्यासाठी वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि अखेर १९३२ साली ती छातीत सापडली. गर्भावस्थेत खालच्या परावटू ग्रंथी थायमससोबत खाली सरकतात, त्यामुळे अशा जागा आजही तपासाव्या लागतात.

मूतखडा, हाडांची लक्षणीय झीज किंवा मणक्याचे फ्रॅक्चर, ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ६० च्या खाली, वय ५० पेक्षा कमी, किंवा कॅल्शियम प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून अधिक, यांपैकी काहीही असल्यास लक्षणे नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. माझ्या मते निवड करताना यंत्रापेक्षा सर्जन अशा किती शस्त्रक्रिया नियमित करतात हे आधी विचारावे. गाठ एकच आणि जागा निश्चित असेल तर लहान छेदातून ती काढतात. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच ओसरत असल्याने गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी त्याची पातळी निम्म्याहून कमी झाली, की काम पूर्ण झाल्याचा भरवसा मिळतो. तरुण वयात आजार झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला असेल, तर आनुवंशिक तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी, कारण अनेक अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होणाऱ्या एमईएन-१ सारख्या आनुवंशिक विकारात एकच ग्रंथी काढून भागत नाही.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांना सिनाकॅल्सेटने कॅल्शियम कमी करता येते, पण त्याने हाडांची घनता सुधारत नाही. त्यासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब वापरतात. दूध-दही स्वतःहून बंद करू नये, आणि पाणी भरपूर प्यावे. कॅल्शियम दर डेसिलिटरला १४ मिलिग्रॅमच्या वर जाऊन सुस्ती, उलट्या किंवा गोंधळलेपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावे.

शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियमची भुकेली झालेली हाडे रक्तातील कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात, त्यामुळे ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्यास, हात आखडल्यास लगेच कळवावे. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप), गरजेप्रमाणे मॅग्नेशियमही, काही काळ घ्यावे लागते. आवाज बसल्यासही सांगावे, कारण स्वरयंत्राची चेता ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. सहा महिन्यांनी कॅल्शियम सामान्य असेल तरच आजार बरा झाला असे धरतात. हाडांच्या घनतेची चाचणी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करून घ्यावी.