येझदी रोडकिंग: पांढरा धूर आणि गिअरबॉक्सचे ऑइल गायब (माझा अनुभव)

लक्षण (रोडकिंग ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल): गाडी गरम झाली तरी दाट पांढरा धूर, प्लग सतत ओला, आणि बाहेर एक थेंब गळती नसताना गिअरबॉक्सचे ऑइल कमी होत जाणे.

आधी पेट्रोलमधले टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचे इंजिन ऑइल) कमी केले, मग कार्बोरेटर साफ केला, शेवटी रिंगाही बदलल्या. काही फरक नाही. तीन महिने वाया गेले.

जुलैतल्या जावा दिवसाला (जावा-येझदीवाल्यांचा वार्षिक मेळावा) साताऱ्याच्या एका काकांनी प्लगचा नुसता वास घेतला आणि म्हणाले, "क्लचकडचं क्रँक सील गेलंय. इंजिन गिअरचं ऑइल ओढतंय." क्रँक सील म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी कडी. तिथपर्यंत पोचायला पुलर (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, ओढून काढायचे हत्यार) लागतो, तो माझ्याकडे नव्हता. कोल्हापूरच्या एकाने, ज्याला मी तोवर पाहिलेही नव्हते, स्वतःचा पुलर एसटी पार्सलने पाठवला. भाडेही घेतले नाही.

क्रम असा: गिअरबॉक्सचे ऑइल काढा. डावीकडचा किक-गिअर लिव्हर आणि कव्हर उतरवा. क्लचच्या स्प्रिंगा, प्लेटा काढा. इंजिन स्प्रॉकेट पुलरनेच सोडवा, हातोडा अजिबात नको, क्रँक वाकतो. मग स्प्रॉकेट, चेन आणि क्लच एकत्र बाहेर घ्या. स्प्रॉकेटच्या मागचे सील काढा. माझे दगडासारखे कडक झाले होते. सीलचा ओठ (आतली कडा) क्रँकवर जिथे टेकतो तिथे नखाने चर तपासा. चर असेल तर नवे सीलही टिकत नाही. नव्याच्या ओठाला ऑइल लावून सरळ बसवा, नवे गॅस्केट, ताजे ऑइल.

सायलेन्सरमधले जुने ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येतो, घाबरू नका. आता सहाशे किलोमीटर झाले, गिअर ऑइलची पातळी जागच्या जागी. पुलर सध्या नाशिकला गेलाय, तिथे एकाची हीच तक्रार आहे.