रस्ट प्रकल्पात एडिटर आणि लॉग जुळवताना या चुका टाळा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला नवा प्रकल्प उभारताना सुरुवातीच्या दिवसांत वाया जाणारे बरेचसे तास साधनांच्या मौनामुळे जातात. एडिटरमध्ये लाल रेघ दिसत नाही, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना ठेवलेल्या नोंदींमध्ये, ओळ उमटत नाही आणि आपण मात्र कोडमध्येच दोष शोधत बसतो. नागपुरात कळमना बाजारातील एका संत्रा व्यापाऱ्यासाठी वजनकाट्याच्या नोंदी घेणारा प्रोग्राम लिहिताना आमच्या छोट्या गटाकडून यांतल्या बहुतेक चुका झाल्या.

आधी एडिटरविषयी. एडिटरमध्ये सूचना व चुका दाखवणारा रस्ट-अ‍ॅनालायझर ‘कार्गो डॉट टॉमल’ ही प्रकल्पाची माहिती असलेली फाइल उघडलेल्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या लगतच्या उपफोल्डरांमध्ये शोधतो. सगळे प्रकल्प ज्यात ठेवले आहेत ते मोठे फोल्डर उघडले आणि ही फाइल त्यात आणखी खोलवर असली, तर सूचना व चुका दोन्ही दिसेनाशा होतात. अशा वेळी प्रकल्पाचेच फोल्डर उघडावे किंवा ‘लिंक्ड प्रोजेक्ट्स’ या सेटिंगमध्ये तिचा मार्ग द्यावा. नवी फाइल तयार करून ‘मॉड’ने ती जोडायची राहिली तरी परिणाम तसाच होतो, कारण कंपायलरच्या लेखी ती फाइल अस्तित्वातच नसते. प्रमाण लायब्ररीतील नावांवर माहिती येत नसेल, तर रस्टअप या रस्ट बसवणाऱ्या साधनाने ‘रस्ट-एसआरसी’ हा घटक बसवला आहे का ते पाहावे. जुन्या टिपणांत सुचवलेले आरएलएस या एडिटरसाठीच्या जुन्या साधनावर चालणारे एक्स्टेन्शन मात्र काढून टाकावे. आरएलएस 2022 मध्येच निवृत्त झाले आहे.

टर्मिनलमध्ये बिल्ड सुरू केल्यावर ‘फाइल लॉकची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ वारंवार दिसत असेल, तर एडिटरची तपासणी आणि आपला बिल्ड एकाच ‘टार्गेट’ फोल्डरसाठी थांबून राहत आहेत असे समजावे. रस्ट-अ‍ॅनालायझरला वेगळे टार्गेट फोल्डर देण्याची सेटिंग आहे. डिस्कवर जागा अधिक लागते, पण ती दिलेली परवडते.

लॉगच्या चुका अधिक फसव्या असतात. ‘लॉग’ हा क्रेट (रस्टमधले तयार कोडचे पॅकेज) केवळ दर्शनी भाग आहे. मागे ‘एन्व्ह-लॉगर’सारखा प्रत्यक्ष लॉगर सुरू केला नसेल, तर प्रत्येक नोंद कोणतीही तक्रार न करता नाहीशी होते. लॉगर सुरू केल्यावरही ‘रस्ट_लॉग’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेले नसले, तर एन्व्ह-लॉगर फक्त एरर पातळीच्या नोंदी दाखवतो. त्या व्हेरिएबलमध्ये क्रेटचे नाव लिहिताना हायफनच्या जागी अंडरस्कोर लागतो. आमचा अर्धा दिवस एवढ्यावरच गेला. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये जुन्या ‘सेट’ आज्ञेने हे व्हेरिएबल प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. लिनक्सवर प्रोग्राम सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेखाली चालत असेल, तर ते सर्व्हिसच्या फाइलमध्येच द्यावे लागते.

‘ट्रेसिंग-अपेंडर’ हा क्रेट वापरून लॉग फाइलमध्ये लिहिताना नॉन-ब्लॉकिंग (प्रोग्रामला न अडवता लिहिणाऱ्या) लेखकाबरोबर एक गार्ड, म्हणजे उरलेल्या नोंदी फाइलमध्ये पोहोचवणारी वस्तू, परत मिळतो. तो नको म्हणून त्याच्या जागी नुसता अंडरस्कोर लिहिला, तर त्याच ओळीच्या शेवटी गार्ड नष्ट होतो आणि पुढच्या नोंदी फाइलपर्यंत पोहोचत नाहीत. त्याला अंडरस्कोरने सुरू होणारे पूर्ण नाव द्यावे व तो ‘मेन’ संपेपर्यंत जिवंत ठेवावा. प्रोग्राम ‘प्रोसेस एक्झिट’ने बंद केला, तर गार्डला आवरून घेण्याची संधी मिळत नाही आणि शेवटच्या ओळी हरवू शकतात, नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात.

सर्वांत जास्त त्रास वेळेने दिला. पहाटे 4 च्या सुमारास काट्यावर आलेल्या एका गाडीची नोंद त्या दिवसाच्या फाइलमध्ये सापडेना आणि व्यापाऱ्याने रास्तपणे विचारले, ‘‘वजन झालं, मग नोंद कुठे गेली?’’ नोंद आदल्या दिवसाच्या फाइलमध्ये होती. ट्रेसिंग-अपेंडर रोजची फाइल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 वाजता. ओळींवरची वेळही मुळात यूटीसीच असते. भारतात घड्याळ ऋतूनुसार मागेपुढे होत नसल्यामुळे ओळींसाठी +5:30 हा ठरावीक फरक देणे पुरेसे आहे. युनिक्सवर अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) सुरू झाल्यानंतर ‘टाइम’ क्रेटकडे स्थानिक वेळ मागितल्यास तो नकार देऊ शकतो, म्हणून ठरावीक फरकच भरवशाचा ठरतो. मात्र त्यामुळे फाइल बदलण्याची घटिका हलत नाही. त्यासाठी आम्ही अपेंडरचे फाइल बदलणे बंद केले आणि ते काम लॉगरोटेट या लिनक्सवरच्या साधनाकडे, ‘कॉपीट्रंकेट’ (फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणे) या पर्यायासह, सोपवले. तो पर्याय नसेल, तर प्रोग्राम नाव बदललेल्या जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो.