एचडी ८०० की ८०० एस? ऐकताना या चुका टाळा

सेन्हायझरचा एचडी ८०० हा हेडफोन आला २००९ मध्ये, ८०० एस २०१६ मध्ये. दोन्ही ओपन बॅक (मागून उघडे, बाहेरचा आवाज आत येतो), दोन्ही ३०० ओमचे, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) ५६ मिलिमीटरचा. जुन्यात ६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, आवाजाचा एक टोचणारा उंचवटा आहे, तो एसमध्ये अ‍ॅब्सॉर्बर (आवाज शोषणारा भाग) बसवून खाली आणलाय. मुख्य फरक हाच. तरी दर वेळी कोणीतरी 'जमीन-अस्मानाचा फरक' सांगत येतो.

सगळ्यात मोठी चूक आवाजाच्या पातळीची. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला एक इंजिनिअरिंगचा पोरगा दोन्ही घेऊन आला. "काका, एसचा बास लई भारी, जुना पार पातळ वाटतोय." बघितलं तर जुना साध्या ६.३ मिलिमीटरच्या पिनवर आणि एस त्याच्यासोबत आलेल्या चार पिनांच्या बॅलन्स्ड (प्रत्येक कानाला दोन स्वतंत्र तारा असलेल्या) केबलवर. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये बॅलन्स्डला दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे सरळ ६ डेसिबल जास्त. नॉबला मात्र कोणी हात लावला नव्हता! एक डेसिबलचा फरकसुद्धा कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, इथं तर सहा होते. केबल दोन्हीला सुटी होते, सॉकेटही सारखं. एकच केबल आलटून पालटून लावली आणि त्याचा भारी बास गेला. उरला तो फक्त गायिकेच्या 'स'चा बोचरेपणा, जुन्यात जास्त, एसमध्ये कमी.

माझी सवय अशी: जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात छोटा माइक बसवायचा, वर हेडफोन ठेवून पिंक नॉइज (चाचणीचा सलग 'सूं' आवाज) लावायचा, दोन्हींचा माइकवरचा आकडा जुळेपर्यंत नॉब फिरवायचा आणि तिथं चिकटपट्टीची खूण करायची. याला अर्धा तास जातो. तेवढाही धीर नसेल तर एवढे पैसे घालायची घाई कशाला?

दुसरी चूक गाण्याची. डीजेचा ठोका लावून ६ किलोहर्ट्झमधला फरक कसा कळणार? तानपुऱ्याची जवारी ऐका, 'श' आणि 'स' ऐका. अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या लावायचा मोह होतोच, मलाही होतो. पण तिथं तबकडीची खरखर वरच्या पट्टीत इतकी असते की तुम्ही हेडफोन सोडून खरखरच जोखत बसता. नवं, स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या, एकच ओळ दोन्हींवर लगेच ऐका. तासभर जुना घालून मग एस चढवला तर तो पहिल्यांदा मंदच वाटतो, कान सरावलेला असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. झिजलेल्या पॅडची तुलना नव्या पॅडशी करू नका, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि सूर बदलतो. महाद्वार रोडच्या गर्दीत ओपन बॅक ऐकून मत देऊ नका. फोनमधला इक्वलायझर आधी बंद करा. आणि जुना सेकंडहँड घेत असाल तर आत कोणी फेल्ट (जाड नमदा) चिकटवलाय का ते विचारा. उंचवटा दाबायला बरेच जण तसं करतात, मग तुम्ही ऐकताय तो मूळ ८०० नव्हेच.