लंडनहून एका दिवसात सॉल्झबरी: घाई न करता कसे पाहावे

लंडनला आई-बाबा आले की तिसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतोच: टॉवर ब्रिज झाला, म्युझियम झाले, आता कुठे? माझे उत्तर ठरलेले असते. सॉल्झबरी, जुन्या कॅथीड्रलचे (बिशपच्या मुख्य चर्चचे) गाव.

बहुतेक जणांच्या लेखी हे स्टोनहेंजला, म्हणजे प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाला, जाताना उतरायचे स्टेशन. पहिल्या खेपेला मीही तेच केले. दगड पाहून चार वाजता कॅथीड्रलमध्ये शिरलो आणि घड्याळाकडे बघत बघतच बाहेर पडलो. तेव्हापासून स्टोनहेंजसाठी वेगळा दिवस ठेवतो.

आधी वार ठरवा. मंगळवारी आणि शनिवारी गावच्या चौकात बाजार भरतो. रविवार टाळा, प्रार्थनांमुळे पाहायला वेळ कमी मिळतो. मोठा कार्यक्रम असला तरी दारे पर्यटकांना बंद असू शकतात, म्हणून कॅथीड्रलच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघूनच तिकीट काढा.

मग रेल्वे. लंडनच्या वॉटरलू स्टेशनहून थेट गाडी आहे, दीड तास लागतो. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारे, तिकीट घ्या. दोघे जाणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड (सवलतीचे कार्ड) दोघांत मिळून एकच लागते आणि भाडे एक तृतीयांशाने कमी होते. मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर रेलकार्ड वेगळे.

स्टेशनवरून चालतच जा. फिशरटन स्ट्रीटने सरळ, एव्हन नदीचा पूल ओलांडून हाय स्ट्रीट, आणि तिच्या टोकाची जुनी वेस. पंधरा मिनिटे. ही वेस आजही रात्री अकराला बंद होते. आत हिरवळ, आणि मधोमध कॅथीड्रल.

आत शिरण्याआधी पाच मिनिटे हिरवळीवर बसून आई-बाबांना एवढे सांगा. आधीचे कॅथीड्रल गावाच्या उत्तरेला ओल्ड सारमच्या टेकडीवर होते. तिथे वारा फार, पाणी कमी आणि किल्ल्यातल्या शिपायांशी रोजची कटकट. अखेर बिशपने मुक्काम खाली सपाटीवर हलवला. 1220 मध्ये पाया घातला आणि 1258 पर्यंत मुख्य इमारत उभी राहिली. इतर कॅथीड्रलांत शतकाशतकांची ठिगळे दिसतात, इथे जवळजवळ सगळे एका हातचे वाटते.

शिखर मात्र नंतरचे, चौदाव्या शतकातले. उंची 123 मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या शिखरांत सर्वांत उंच. त्याच्यामुळे सुमारे साडेसहा हजार टनांचा बोजा वाढला आणि खाली पाया जेमतेम सव्वा मीटर, तोही वाळू-खडीवर! म्हणून आत गेल्यावर पहिल्यांदा बरोबर शिखराखाली उभे राहा आणि मान वर करून चार मोठे खांब नीट बघा. दगड वाकलेला साध्या डोळ्यांना दिसतो. 1668 मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने मोजणी केली तेव्हा शिखर पाऊण मीटरच्या आसपास कललेले निघाले. बाबांनी हे ऐकले आणि दोन पावले बाजूला सरकले.

त्यानंतर 1386 च्या सुमाराचे लोखंडी घड्याळ. त्याला तबकडीच नाही, ते फक्त टोले द्यायचे. मग चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे कॅथीड्रलच्या सभागृहात, मॅग्ना कार्टा: राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी इंग्लंडची सनद. 1215 च्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी ही एक. चामड्याचा एकच ताव, लॅटिन मजकूर, आणि जागा वाचवायला तोडून लिहिलेले शब्द. मोडी वाचणाऱ्यानेही हात टेकावेत. शेजारी मराठीत कुजबुजून सांगायला कोणी असले तरच मजा. शिखराखालच्या मनोऱ्यावर जायची सहल आधी बुक करावी लागते, 332 पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

जेवण बाजारात किंवा कॅथीड्रलच्या उपाहारगृहात. त्याच्या काचेच्या छतातून शिखर दिसते. आम्ही दशम्या नेतो आणि हिरवळीवर बसतो.

दुपारी टाउन पाथ या पायवाटेने हार्नमच्या जुन्या गिरणीपर्यंत चाला. दोन्हीकडे पाणथळ कुरणे, मेंढ्या, आणि मागे वळून पाहिले की ते शिखर. चित्रकार कॉन्स्टेबलने या कुरणांतून दिसणारे कॅथीड्रल रंगवले ते उगाच नाही. फोटो इथेच काढा, कॅथीड्रलच्या दाराशी ते चौकटीत मावत नाही.

परत येऊन संध्याकाळची गायन-प्रार्थना, ‘इव्हनसाँग’, चुकवू नका. बहुधा साडेपाचला असते, आणि तिला तिकीट नाही. ख्रिस्ती असण्याचीही अट नाही; फोन बंद ठेवा, सगळे उठले की उठा, टाळ्या वाजवू नका. मुलींचा स्वतंत्र गायकवृंद 1991 मध्ये इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांत सर्वप्रथम इथे सुरू झाला. शाळांना सुट्टी असली की बाहेरचे वृंद येऊन गातात.

पाऊण तासात संपते. त्यामुळे परतीची गाडी सातनंतरचीच धरा.