काजवे बघायला जाताय? मग एवढं करा

मे संपत आला की पुण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज येतो, काजवे स्पेशल, पिकअप शिवाजीनगर, जेवणासकट. जा की, पण आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. काजवा अळी असतो तेव्हा ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी खात असतो आणि आयुष्याचा बराचसा काळ त्यातच जातो, पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. तो लुकलुकतो तो त्यासाठी, आणि आपण नेमके त्याच शनिवारी हेडलाईट घेऊन पोचतो.

तर पहिलं काम, शनिवार-रविवार टाळा. एक सुट्टी टाका आणि मंगळवार-बुधवारी जा, शक्यतो अमावास्येच्या आसपास.

दुसरं, जागा. भंडारदऱ्याकडची बरीचशी ठिकाणं कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, आणि भीमाशंकर तर अभयारण्यच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही, त्यामुळे रात्री प्रवेश चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत, हे वनखात्याच्या तिथल्या ऑफिसात विचारूनच निघा. टूरवाला "आपली सेटिंग आहे" म्हणाला तर त्याच्याबरोबर जाऊच नका.

उजेडी पोचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण गाडी अंधार पडायच्या आत गावात लागली की पुढे फक्त चालायचं. मागे एकदा आम्ही घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून साडेनऊला पोचलो होतो. समोर एक सादड्याचं झाड असं काही पेटलं होतं की बोलतीच बंद, अख्खं झाड एका लयीत चालू-बंद, चालू-बंद. तेवढ्यात मागून एक एसयूव्ही हेडलाईट अपरवर ठेवून आली आणि लय तुटली. आधी एक फांदी विझली, मग बाजूची, मग सगळं झाड काळं. गाडीतला माणूस उतरून विचारतो, "कुठायत काजवे?" काय सांगणार कप्पाळ.

टॉर्च लागतोच, त्यावर लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन थर रबरबँडने लावा आणि उजेड फक्त पायाखाली ठेवा. मोबाईल खिशात. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून. फोटोचं म्हणाल तर ट्रायपॉड आणि लाँग एक्सपोजरशिवाय काही येत नाही, इन्स्टावरचे ते सोनेरी झाडाचे फोटो बरेचदा एकावर एक चढवलेल्या कितीतरी फोटोंचे असतात, त्यामुळे फ्लॅश मारून स्वतःचाच पोपट करून घेऊ नका.

पायवाट सोडू नका, गाडी गवतात घालू नका. कितीतरी जातींच्या माद्या उडत नाहीत, त्या खाली गवतातच बसून नराच्या लुकलुकण्याला उत्तर देतात. अंगावर डासांचा स्प्रेही नको, फुल बाह्यांचा शर्ट घाला. बरणीत भरून पोरांना दाखवायला आणणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, शिव्या जातील.

राहायला गावातलंच घर बघा, पिठलं-भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याच घरी फोन करा. पाऊस धो धो लागला की खेळ खलास, त्या मावशी "संपले" म्हणाल्या तर गाडी काढू नका. ताम्हिणीला तर अजिबात नको, तिथला पावसातला रविवार हे वेगळंच प्रकरण आहे.